रोजची हवा, एकदाची हवा

वाशीम जिल्ह्याच्या कारंजा तालुक्यात धनज बुद्रुक हे पोलीस ठाण्याचे गाव आहे. भोवती कपाशी, तूर आणि सोयाबीन पिकवणारी काळी जमीन. ही जमीन पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात. तिच्यात मोंटमोरिलोनाइट नावाचे खनिज असते. त्याच्या पापुद्र्यांमध्ये पाणी शिरले की ते एकमेकांपासून दूर सरकतात. कपाशीला हा स्वभाव मानवतो, रस्त्याला मानवत नाही. पाया नीट सुधारून घेतला नसेल तर अशा जमिनीवरचा डांबरी रस्ता काही पावसाळ्यांत उंचसखल होतो. खड्डे ही त्यानंतरची गोष्ट. याच तालुक्यातून समृद्धी महामार्गही जातो. त्याचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला आणि ५ जून २०२५ रोजी इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला होऊन ७०१ किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला. सपाट भागात छोट्या गाड्यांना तिथे ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. त्यामुळे या भागातली व्हॅन, मग ती पोहरादेवीला किंवा कारंज्याच्या गुरुमंदिरात भाविक नेणारी असो, शाळेची मुले वाहणारी असो की रुग्णाला घेऊन निघालेली, एकाच सकाळी दोन वेगळ्या परीक्षा देते. गावरस्त्यावर तिला गचके खायचे असतात आणि महामार्गावर वेग सांभाळायचा असतो.

गचक्यांवर उतारा म्हणून एअर सस्पेन्शन आणि वेगाच्या भीतीवर उतारा म्हणून एअरबॅग, अशी दोन नावे व्हॅनमालकाच्या कानावर हमखास येतात. दोन्हींत हवा आहे, दोन्हींत पिशवी आहे आणि दोन्ही ‘बसवून मिळतील’ असे सांगणारेही भेटतात. माझे म्हणणे असे आहे की यातली पहिली गोष्ट चालत्या गाडीला मागाहून बसवता येते, दुसरी येत नाही. एक सोपी आणि दुसरी अवघड, एवढेच त्याचे कारण नाही. काम बिघडले आहे हे मालकाला केव्हा कळते, यावर सगळे अवलंबून आहे. पहिल्या हवेची परीक्षा रोज, प्रत्येक खड्ड्यावर होते. दुसऱ्या हवेची परीक्षा आयुष्यात एकदाच होते, तीही होऊ नये अशीच सगळ्यांची इच्छा असते.

आधी रोजची हवा पाहू. बहुतेक व्हॅन, क्रूझर आणि ट्रॅव्हलरच्या मागच्या चाकांवर पोलादी पाटे असतात. पाट्याचा कडकपणा ठरलेला असतो आणि गाडीवरचे वजन मात्र बदलत राहते. पूर्ण भरलेल्या गाडीच्या मागच्या आसावर समजा २००० किलो येतात आणि रिकामी असताना ८०० किलो. पाटे भरल्या गाडीच्या मापाने कडक ठेवावे लागतात, नाहीतर गाडी बसेल. मग रिकामी किंवा अर्धी भरलेली गाडी त्याच कडक पाट्यांवर उधळते. गणिताने सांगायचे तर गाडीचे वरखाली झुलणे कडकपणा आणि वजन यांच्या गुणोत्तराच्या वर्गमुळावर ठरते. भरलेली गाडी सेकंदाला दीड वेळा झुलत असेल तर वरच्या आकड्यांप्रमाणे रिकामी गाडी सेकंदाला जवळजवळ २.४ वेळा झुलेल. माणसाच्या धडाला सेकंदाला ४ ते ८ या पट्ट्यातली उभी कंपने सर्वांत जास्त त्रास देतात, कारण पोट आणि पाठीचा कणा त्या पट्ट्यात स्वतःच डोलू लागतात. झुलणे संथ असेल तर खालून येणारी ही कंपने अंगापर्यंत कमी पोहोचतात. ते जलद होत गेले की जास्त पोहोचतात. मागच्या आसाच्याही मागे असलेल्या शेवटच्या बाकावर बसलेल्या सवारीला हे सूत्राशिवाय कळते.

हवेच्या पिशवीचा कडकपणा ठरलेला नसतो. सायकलच्या पंपाचे तोंड अंगठ्याने दाबून दांडा ढकलला तर सुरुवातीला हवा सहज दबते आणि पुढे पुढे घट्ट होत जाते. एअर स्प्रिंगमध्ये हेच घडते. रबराच्या जाड पिशवीत, ज्याला गॅरेजमध्ये बलून म्हणतात, कॉम्प्रेसरने हवा भरलेली असते. १५ सेंटिमीटर व्यासाच्या बलूनमध्ये दर चौरस सेंटिमीटरला ५ किलो दाब ठेवला तर तो सुमारे ८८० किलो वजन पेलतो. वजन वाढले की समतोल राखणारा व्हॉल्व्ह आणखी हवा आत सोडतो, दाब वाढतो आणि दाबाबरोबर कडकपणाही त्याच प्रमाणात वाढतो. वजन आणि कडकपणा हातात हात घालून वाढले की त्यांचे गुणोत्तर जवळपास कायम राहते. म्हणून तीन सवाऱ्या असोत की तेरा, गाडी जवळपास एकाच लयीत झुलते आणि तिची उंचीही बदलत नाही. पोलादाला न जमणारे हे काम हवा करते. हवेवर चालणाऱ्या मोठ्या गाडीची ओळख पुष्कळ मराठी प्रवाशांना २००२ साली एसटीची शिवनेरी मुंबई–पुणे मार्गावर आली तेव्हा झाली. पण या तंत्राची खरी गरज आरामबसपेक्षा रुग्णवाहिकेला आहे, असे मला वाटते. २०१४ साली राज्यात १०८ क्रमांकाची सेवा ९३७ रुग्णवाहिकांनिशी सुरू झाली. त्या गाड्यांत झोपवलेला रुग्ण मागच्या आसाच्या आसपास असतो, म्हणजे गाडीतल्या सर्वांत वाईट जागी. मांडीचे हाड मोडलेल्या माणसाला किंवा दिवस भरलेल्या बाईला कारंज्याहून अकोल्याला किंवा अमरावतीला हलवायचे असेल तर झुलण्याची लय हा चैनीचा विषय राहत नाही.

मग सगळ्यांनीच पाटे काढून बलून लावावेत का? नाही, आणि याची कारणे बलून विकणारा सहसा सांगत नाही. पाटा हा नुसता स्प्रिंग नसतो. आसाला पुढेमागे आणि आडवे जागेवर धरण्याचे कामही तोच करतो. पाटे पूर्ण काढले तर ते काम करायला वेगळे दांडे, त्यांचे बूश आणि त्यांना धरणारे मजबूत कंस चासीवर बसवावे लागतात. म्हणून बहुतेक ठिकाणी पाटे तसेच ठेवून जोडीला मदतनीस बलून लावतात. हा मार्ग बरा. रात्री एखादी नळी फुटली तरी गाडी पाट्यांवर घरी येते. मात्र अशा गाडीला वर सांगितलेला पूर्ण लाभ मिळत नाही, कारण पोलादाचा कडकपणा तिथेच असतो. शिवाय विदर्भाचा उन्हाळा रबराला खातो, पावसाळ्याची दमट हवा कॉम्प्रेसरमधून टाकीत पाणी साठवते आणि धूळ व्हॉल्व्हमध्ये शिरते. मोडलेला पाटा तालुक्याच्या गावी बदलून मिळतो. व्हॉल्व्हसाठी मात्र अकोला किंवा नागपूर गाठावे लागू शकते.

याहून गंभीर धोका वेगळाच आहे आणि तो बलून उत्तम चालत असताना उद्भवतो. पाट्यांवरची गाडी जादा भरली की मागून बसते. रस्त्यावरच्या पोलिसाला ते दिसते, ड्रायव्हरला स्टेअरिंग हलके लागते, समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर हेडलाइट चढतात. गाडी स्वतःच तक्रार करते. बलूनवरची गाडी पंधराच्या जागी पंचवीस बसवले तरी ताठ उभी राहते. आस, टायर, चाकाचे बेअरिंग आणि ब्रेक मात्र होते तेच असतात. त्यातून अनेक व्हॅनमध्ये मागच्या ब्रेकला किती दाब द्यायचा हे ठरवणारा एक व्हॉल्व्ह आसाला जोडलेला असतो. गाडी किती बसली यावरून तो वजन ओळखतो. बलूनने गाडी उचलून धरली की त्याला गाडी रिकामी वाटते आणि तो मागच्या चाकांचा ब्रेक कमी करतो. भरलेल्या गाडीला रिकाम्या गाडीचा ब्रेक मिळतो, आणि तोही अशा मालकाच्या गाडीत ज्याने सवाऱ्यांच्या भल्यासाठी पदरचे पैसे घातलेले असतात. त्यामुळे बलून लावायचे ठरले तर त्या व्हॉल्व्हची जुळणी नव्याने करून घेणे आणि गाडीची वजनाची मर्यादा एका किलोनेही वाढलेली नाही हे लक्षात ठेवणे, या दोन अटी मी धरूनच चालतो.

इतके दोष मोजूनही पहिली गोष्ट बसवता येते असे मी म्हणतो, त्याचे कारण हे दोष लपून राहत नाहीत. बलून गळू लागला तर गाडी सकाळी एका अंगाला कललेली दिसते. कॉम्प्रेसर सारखा चालू राहिला तर कानाला कळते. ब्रेकची जुळणी चुकली असेल तर भरलेली गाडी मोकळ्या रस्त्यावर थांबवून पाहता येते. मिस्त्रीने केलेले काम मालक आणि ड्रायव्हर रोज तपासतात, चुकले तर दुसऱ्या दिवशी गाडी पुन्हा त्याच्या दारात उभी करतात, आणि अशा तक्रारींतूनच मिस्त्रीचा हात सुधारतो. आपल्याकडची गॅरेजची सारी विद्या याच वाटेने वाढली आहे, आणि ती खरोखर थोर विद्या आहे. इंजिन, गिअर, पाटे, ब्रेक या सगळ्यांत चूक लवकर बोलते.

एअरबॅगची चूक बोलत नाही. ती कशी काम करते हे पाहिले म्हणजे हे पटेल. गाडी समोरून आदळली की सगळा प्रकार साधारण १०० मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या दहाव्या भागात आटोपतो. पहिल्या काही मिलिसेकंदांत गाडीच्या पुढच्या भागातले आणि मधल्या नियंत्रण पेटीतले सेन्सर वेग किती झपाट्याने कमी होत आहे हे मोजतात. मोठ्या खड्ड्यात चाक आदळणे, दुभाजकाला घासणे आणि खरोखरची टक्कर यांत त्यांना फरक करायचा असतो. निर्णय झाला की विजेची ठिणगी एका छोट्या डबीतल्या रसायनाला पेटवते. पूर्वी ते सोडियम अझाइड असे. आता बहुधा ग्वानिडीन नायट्रेट असते. त्यातून निघालेला वायू साधारण ३० ते ४० मिलिसेकंदांत पिशवी फुगवतो. पापणी लवायला याच्या कित्येक पट वेळ लागतो. डोके पिशवीवर टेकते त्या क्षणी पिशवी पूर्ण फुगलेली आणि मागच्या छिद्रांतून वायू सोडू लागलेली असावी लागते. १० मिलिसेकंद उशीर झाला तर पिशवी डोक्याला झेलण्याऐवजी ठोसा मारते, कारण ती ताशी ३०० किलोमीटरच्या आसपासच्या वेगाने बाहेर येत असते. चालकाची छाती स्टेअरिंगपासून किमान २५ सेंटिमीटर दूर असावी असे सांगतात ते याच कारणाने.

आता हे ३० मिलिसेकंद कोण ठरवतो? गाडीचे पूर्ण शरीर ठरवते. बंपरपासून चालकाच्या पायापर्यंत किती अंतर आहे, चासीचे दांडे कुठे दुमडतात आणि कुठे दुमडत नाहीत, इंजिन कुठे जाते, स्टेअरिंगची दांडी मागे येते की खाली कोसळते, सीट जागेवर राहते का, बेल्ट किती ओढतो. प्रत्येक गाडीची आदळण्याची स्वतःची लय असते. निर्माता गाड्या भिंतीवर आदळून ती लय मोजतो आणि मग सेन्सरला शिकवतो. आखूड नाकाच्या व्हॅनमध्ये हे काम आणखी अवघड असते; दुमडायला लोखंडच कमी, म्हणून वेळही कमी. हा नुसता तर्क नाही. मे २०१६ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतीय गाड्यांच्या ताशी ६४ किलोमीटरने टक्कर-चाचण्या घेतल्या. त्यात एअरबॅग नसलेल्या मारुती ईकोला प्रौढांच्या सुरक्षेसाठी एकही तारा मिळाला नाही. त्याच वेळी रेनो क्विडची एकाहून अधिक रूपे तपासली होती, एअरबॅग नसलेली आणि असलेली, आणि एअरबॅग असलेल्या रूपाच्या पदरातही तेव्हा शून्यच आले. कारखान्यात बसवलेली, त्याच गाडीसाठी केलेली पिशवीसुद्धा सांगाड्याच्या साथीशिवाय पुरली नाही. गॅरेजात बसवलेल्या पिशवीकडून मग कशाची अपेक्षा करायची? डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने गाडीच्या तोंडावर लावतात त्या लोखंडी गार्डवर कारवाई करायला राज्यांना कळवले, त्यामागेही हाच विचार होता. पादचाऱ्याला ते गार्ड घातक ठरतेच. शिवाय आघात चासीकडे कसा पोहोचतो हे त्याने बदलते आणि सेन्सरचा अंदाज चुकू शकतो. रोही, म्हणजे नीलगाय, आडवी येण्याच्या भीतीने लावलेले गार्ड अशा रीतीने आतल्या माणसावरही उलटू शकते.

यावर गॅरेजवाला म्हणेल की नव्याने शोध लावायचाच नाही. अपघातात बाद झालेल्या गाडीतून न उडालेली एअरबॅग, तिची पेटी आणि सेन्सर सगळे एकत्र काढायचे आणि आपल्या गाडीत लावायचे. डॅशबोर्डवरचा दिवाही विझलेला दाखवू. अडचण नेमकी त्या दिव्याशी आहे. परिपथात योग्य किमतीचा रेझिस्टर घातला की पेटीला पिशवी जोडलेली आहे असे वाटते आणि दिवा विझतो. पिशवी तिथे असो वा नसो. मालकाकडे तपासायला दिव्याशिवाय दुसरे काहीच नाही. २०२४ साली दिल्ली पोलिसांनी नामांकित कंपन्यांच्या नावाने बनावट एअरबॅग तयार करणाऱ्यांना पकडले, तेव्हा ९०० हून अधिक नग हाती लागले. ते नग कुणाच्या तरी स्टेअरिंगमध्ये जायचे होते आणि तिथे ते वर्षानुवर्षे गप्प बसले असते. उलट बाजूने कोणी विचारील की कारखान्यातला माल तरी कुठे निर्दोष असतो? प्रश्न रास्त आहे. टाकाटा या जपानी कंपनीच्या डब्यांतले अमोनियम नायट्रेट उष्णता आणि दमटपणाच्या फेऱ्यांनी बिघडत गेले, डब्या फुटून धातूचे तुकडे माणसांना लागले, जगभरातून सुमारे १० कोटी डब्या परत बोलवाव्या लागल्या आणि २०१७ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. पण हा दोष उघड झाला तो प्रत्येक डबीवर क्रमांक होता आणि कोणती डबी कोणत्या गाडीत गेली याची नोंद होती म्हणून. कारखानाही चुकतो, पण त्याची चूक शोधता येते आणि गाडी परत बोलवता येते. भंगारातून आलेल्या पिशवीला कोणी परत बोलवणार नाही.

कायदाही या बाबतीत मोकळीक देत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या एका प्रकरणात हे पुन्हा स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद आली. बलून लावतानाही हे कलम लागू होऊ शकते. म्हणून एमएच-३७ ची गाडी असेल तर वाशीमच्या परिवहन कार्यालयात आधी विचारावे आणि परवानगीचा कागद घेऊनच हात घालावा. नाहीतर पासिंगच्या वेळी गाडी अडते आणि अपघातानंतर विमा कंपनीला बोट ठेवायला जागा मिळते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. नवी गाडी घ्यायची ऐपत नसलेल्याने काय करायचे? त्याच्या जुन्या व्हॅनमधल्या माणसांचा जीव स्वस्त आहे का? याचे उत्तर आकड्यांत आहे आणि ते एअरबॅगच्या बाजूचे नाही. अमेरिकेतल्या महामार्ग सुरक्षा संस्थेच्या हिशेबाप्रमाणे मोटारीत पुढे बसलेल्या माणसाचा मृत्यूचा धोका तीन बिंदूंचा बेल्ट ४५ टक्क्यांनी कमी करतो. एकटी एअरबॅग चालकाचा धोका सुमारे १४ टक्क्यांनी. व्होल्वोच्या निल्स बोहलिनने १९५९ साली दिलेला हा पट्टा पिशवीच्या तिप्पट काम करतो. बेल्टशिवाय पिशवी तर घातकच होऊ शकते: त्याच देशात १९९० ते २००८ या काळात कमी वेगाच्या टकरींत उघडलेल्या एअरबॅगांनीच २९० हून अधिक जणांचा जीव घेतल्याची नोंद आहे, आणि त्यांत बेल्ट न लावलेले व लहान मुले यांचा भरणा मोठा होता. आपल्याकडे २०२२ या एका वर्षात बेल्ट न लावल्यामुळे १६,७१५ जण दगावल्याचे केंद्र सरकारचा अहवाल सांगतो. त्यांतले निम्मे प्रवासी होते, चालक नव्हे. त्याच वर्षी ४ सप्टेंबरला पालघर जिल्ह्यात उद्योगपती सायरस मिस्त्रींचा अपघाती मृत्यू झाला. गाडी महागडी होती आणि तिच्यात एअरबॅगही होत्या. मागे बसलेल्या दोघांनी बेल्ट लावलेले नव्हते.

बेल्टही मागाहूनच बसवायचा ना, मग त्याला वेगळा न्याय का, असे कोणी विचारील. वेगळा न्याय नाहीच. कसोटी तीच लावायची. बेल्ट डोळ्यांना दिसतो, झटका देऊन ओढून पाहता येतो, विणीची शिवण उसवली तर कळते. त्याच्या बाबतीत लपलेली गोष्ट एकच, ती म्हणजे त्याचे मूळ. जोराच्या टकरीत ६० किलोचा माणूस काही क्षण स्वतःच्या वजनाच्या वीस पट, म्हणजे १२०० किलो ओढू शकतो. बेल्ट पातळ पत्र्याला नटबोल्टने अडकवला असेल तर पत्रा फाटेल. सीटच जमिनीला चार स्क्रूंवर उभी असेल तर सीटसकट माणूस पुढे येईल. म्हणून निर्मात्याने ठेवलेल्या जागेवर, चासीला धरणाऱ्या भागाला, मूळ मापाच्या बोल्टनेच तो बसवायचा. हे मिस्त्रीला जमते आणि मालकाला वाकून पाहता येते.

तिसरा आक्षेप: मोठ्या बसमध्ये प्रवाशांना एअरबॅग नसतात, मग व्हॅनसाठी एवढा आग्रह कशाला? बसचे वजन दहा-पंधरा टन असते आणि समोरच्या गाडीशी टक्कर झाली तर तिचा वेग फारसा घटत नाही. तीन-चार टनांची व्हॅन ट्रकवर आदळते तेव्हा तिचा सगळा वेग क्षणात जातो. ताशी ६० किलोमीटरचा वेग असा जाणे म्हणजे सुमारे १४ मीटर उंचीवरून खाली पडणे. आणि व्हॅनचा चालक बसच्या चालकापेक्षा बराच खाली, ट्रकच्या मागच्या दांड्याच्या पातळीला बसतो. १५ ऑक्टोबर २०२३ च्या मध्यरात्री समृद्धीवर वैजापूरजवळ एक मिनीबस पुढच्या ट्रकवर मागून आदळली. सैलानी बाबांच्या दर्ग्याचे दर्शन घेऊन नाशिककडे परतणारे १२ भाविक त्यात गेले. गाडी १७ आसनांची होती आणि आत ३५ जण होते, असे तेव्हाच्या बातम्या सांगतात. अशा गाडीत पुढे दोन पिशव्या असत्या तर फार तर दोघांना उपयोग झाला असता. १७ बेल्ट असते तरी उरलेल्या १८ जणांना ते पुरले नसते. आसनापेक्षा जास्त माणूस घेतला की सुरक्षेची सगळी साधने एकदम निकामी होतात. हा माझा सर्वांत कठोर निष्कर्ष आहे आणि व्हॅनमालकांना तो आवडणार नाही.

पण सगळा दोष मालकावर टाकून सरकारला सुटू देता येणार नाही. आपल्या नियमांत प्रवासी गाड्यांचे वर्ग आहेत. चालक सोडून आठपर्यंत आसने असतील तो वर्ग एम-१, त्याहून जास्त आसने आणि पाच टनांपर्यंत एकूण वजन असेल तो एम-२. चालकासाठी एअरबॅग १ जुलै २०१९ पासून सक्तीची झाली, शेजारच्या आसनासाठीची सक्ती २०२१ मध्ये आली, ती एम-१ वर्गासाठी. सहा एअरबॅगांचा मसुदा जानेवारी २०२२ मध्ये निघाला, तोही एम-१ साठी. पुढे मुदत ढकलली आणि अखेर सक्ती करणार नाही असे जाहीर झाले. १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेली भारत एनकॅपची ताऱ्यांची पद्धत पुन्हा एम-१ पुरतीच. सहाची सक्ती टळली तरी या रेट्याचा परिणाम दिसला: शून्य तारे मिळालेल्या त्याच ईकोत मे २०२५ पासून सहा एअरबॅग सरसकट येऊ लागल्या. मात्र धनजसारख्या गावाच्या वाट्याला येते ती लग्नाची ट्रॅव्हलर, बारा सवाऱ्यांची क्रूझर. या गाड्या एम-२ मध्ये पडतात आणि रेषेच्या पलीकडे राहतात. मूर्तिजापूर–यवतमाळ मार्गावरची शकुंतला रेल्वे बंद पडल्यावर कारंजा भागाची भिस्त अशाच गाड्यांवर वाढली, हे धोरण आखणाऱ्यांच्या नकाशावर कुठे दिसत नाही. तांत्रिक अडचण आहे असेही म्हणता येत नाही. फोर्स कंपनीने २०२२ मध्ये आणलेल्या अर्बानिया या मोठ्या व्हॅनमध्ये चालक आणि शेजाऱ्यासाठी एअरबॅग कारखान्यातूनच येतात. एका निर्मात्याला जमते ते सर्वांना जमवायला भाग पाडता येते. किंमत वाढेल हे खरे, पण तीच तक्रार २०१९ मध्ये मोटारींबाबतही होती आणि मोटारी काही खपायच्या थांबल्या नाहीत.

तोवर व्हॅन बाळगणाऱ्याने पैसा या क्रमाने लावावा, असे मी सुचवीन. आधी टायर आणि ब्रेक, मग प्रत्येक आसनाला चासीत मूळ असलेला बेल्ट, मग शॉकअप आणि पाट्यांची दुरुस्ती, आणि रुग्ण किंवा म्हातारीकोतारी माणसे नेहमी न्यायची असतील तर परवानगी घेऊन बलून. पुढचे गार्ड काढून टाकावे. ताशी ८० वर बांधलेला वेगनियंत्रक सवाऱ्या नेणाऱ्या या गाड्यांना सक्तीचा आहे. तो ‘खोलून देणाऱ्या’ माणसाला गाडीला हात लावू देऊ नये. एअरबॅग हवी असेल तर ती असलेलीच गाडी घ्यावी, जुनी घेत असाल तर तिचा अपघाताचा इतिहास आणि दिवा चावी फिरवल्यावर काही क्षण पेटून विझतो का हे पाहून घ्यावी. जो दिवा पेटतच नाही त्याच्यावर विश्वास ठेवू नये. आणि पुढच्या निवडणुकीत समृद्धीचे श्रेय मागायला जो येईल त्याला धनजच्या चौकात एवढे विचारावे की आठ सवाऱ्यांच्या गाडीला लागू असलेला नियम नवव्या सवारीला कधी लागू करणार.